दहा गाणी, अकरा मुडदे

शारीक परकारच्या अल्बमची पहिली समीक्षा लेखी नव्हती आणि तोंडीही नव्हती. ती लाथेने सुरू झाली. लाथ छातीच्या खाली आणि पोटाच्या वर अशा मधल्या जागी बसली आणि शारीक हातातल्या मिठाईच्या खोक्यासकट भिंतीवर आपटला. समीक्षक होता त्याचा थोरला मेव्हणा कादिर. कादिर रियाधच्या बत्हा भागात मटणाच्या दुकानात खाटीक होता. संगीतातलं त्याला काही कळत नव्हतं, पण म्हणून कोणी समीक्षा करायचं थांबलंय असं झालेलं नाही.

"कुठं टाकलीस तिला?" कादिरने विचारलं.

शारीकला वाटलं, हा टेपेबद्दल विचारतोय. "टेबलावर," तो म्हणाला.

दुसरी लाथ बसली.

आता हे इथवर कसं आलं ते सांगायला हवं, नाहीतर शारीक कुणीतरी खुनी माणूस आहे असा गैरसमज व्हायचा. तसा तो त्या खोलीतल्या सगळ्यांचा झालेलाच होता.

शारीक बाणकोट खाडीच्या काठचा. सौदीत आला तो दम्मामजवळच्या एका अमेरिकन कॉलनीत एसी दुरुस्त करायला. तिथे डॉयल नावाचा एक म्हातारा अमेरिकन राहायचा, केंटकीच्या डोंगरातला. तेलाच्या विहिरी खणून खणून त्याचे कान गेले होते. दिवसभर तो व्हरांड्यात बसून बँजो वाजवायचा. बेंजो म्हटल्यावर आपल्याला गणपतीची मिरवणूक आणि टाइपरायटरसारखी बटणं दिसतात. हा तो नव्हे. हा डफाला मान फुटल्यासारखा दिसतो आणि तीन बोटांनी वाजवतात, इतक्या जलद की बोटं कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखी पळतात. उरलेली दोन बोटं कातडीवर नुसती टेकवून ठेवायची. ह्या गाण्याला ब्लूग्रास म्हणतात. चाल अशी की लग्नात नाचावं, आणि शब्द असे की लग्न मोडावं. एक माणूस आपल्या प्रेयसीला नदीवर फिरायला नेतो. ती बिचारी विश्वासाने जाते. तिसऱ्या कडव्यात तो एकटाच परत येतो.

"पण मारतो का तिला?" शारीकने एकदा डॉयलला विचारलं होतं.

"चौथं कडवं व्हायला हवं ना," डॉयल म्हणाला.

डॉयलने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. गाणं कधी 'त्याने मारलं' असं म्हणायचं नाही. 'मी मारलं' असंच म्हणायचं. दुसऱ्याने केलेला खून म्हणजे बातमी, स्वतः केलेला म्हणजे गाणं. हे शारीकच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढे ते सुरीनेही निघेना, आणि सुरीचा प्रयत्न झाला नाही असं नाही.

डॉयल मायदेशी गेला, बँजो शारीकला देऊन. शारीक रियाधला बत्ह्यातल्या एका कॅसेटच्या दुकानात लागला. दुकानाचा सौदी मालक महिन्याला एकदा तोंड दाखवायचा. मागे एक खोली होती, तिथे एकावरून दुसरी कॅसेट उतरवायची यंत्रं होती. शारीकने भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागला. दर शुक्रवारी सकाळी, एसीचा आवाज नको म्हणून तो बंद करून, अंगावर फक्त लुंगी ठेवून शारीकने तिथे दहा गाणी भरली. सगळी आपल्या बोलीत, सगळी खाडीकाठची. एका गाण्यात बायको बुडते. एकात सावकाराला नारळाच्या झाडावरून ढकलतात. एकात दोन भाऊ एकमेकांना एकाच वेळी कोयत्याने मारतात, म्हणून गाणी दहा आणि मुडदे अकरा. चौथ्या गाण्यात मागे रणगाडे नेणाऱ्या ट्रकांची घरघर ऐकू येते, कारण तेव्हा सद्दामने कुवेत गिळलं होतं आणि सगळं अमेरिकन सैन्य बत्ह्याच्या बाजूने चाललं होतं. शारीकने ती घरघर तशीच ठेवली. म्हणाला, वातावरण आहे.

चूक एकच झाली, आणि ती कोकणातल्या माणसाशिवाय कुणाच्या हातून झाली नसती.

आपल्याकडचे लोक तेव्हा गावाला पत्र लिहीत नसत, टेप भरत. समोर लाल दिवा लागला की माणूस खाकरायचा आणि म्हणायचा, "अस्सलाम आलेकुम, मी इथं खैरियतीत आहे, तुम्ही सगळे खैरियतीत असाल अशी उमेद करतो." मग हालहवाल, मग थोडं रडणं, मग पुन्हा सलाम. टेप पोचली की सगळं घर जेवणानंतर गोळा होऊन ती ऐकायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. शारीकने जन्मात लाल दिव्यासमोर दुसरं काही केलं नव्हतं. त्यामुळे स्टुडिओत दिवा लागल्यावर तोंडातून आपोआप तेच गेलं. अस्सलाम आलेकुम, मी इथं खैरियतीत आहे. आणि मग लगेच, श्वासही न घेता:

*चल गं समरीन, खाडीवरती, भरती आली काठाला,*
*हात दे तुझा हातात माझ्या, कोयता माझ्या पाठीला.*

समरीन म्हणजे त्याची बायको. तिचं नाव चालीत चपखल बसत होतं, एवढाच तिचा अपराध. तिने स्वतः ते गाणं ऐकलं, शारीकच्या शेजारी पिंपावर बसून.

"मारलंस ते ठीक," ती म्हणाली. "पण नंतर एवढा रडतोस कशाला? आधी विचार करायचास."

"पश्चात्ताप आहे तो."

"मग कोयता घेऊन कशाला निघालास? फिरायला निघालेला माणूस कोयता घेतो?"

ह्याचं उत्तर केंटकीतही नसावं.

पहिल्या काही प्रती निघाल्या तेव्हा दुकानात एक अमेरिकन सार्जंट बॅटऱ्या घ्यायला आला होता. उंच, लाल मानेचा. शारीकने टेप लावली. सार्जंट उभ्याचा उभा राहिला. त्याने हेल्मेट काढलं. गाणं संपल्यावर शारीककडे बघत म्हणाला, "नदीत टाकली ना तिला?" शारीकने मान हलवली. सार्जंटने बाहीने डोळे पुसले आणि सात टेपा घेतल्या. बॅटऱ्या विसरून गेला. एक शब्द न कळता ज्याला सगळं कळलं असा तो एकच माणूस. तो आघाडीवर गेला. शारीकला मात्र हवा होता शब्द कळणारा माणूस. आपल्या खाडीचं पाणी प्यालेल्या एकाने तरी हे ऐकावं आणि सांगावं, बरं आहे की वाईट. त्याच्या पलीकडे त्याला काही नको होतं.

जानेवारीत लढाई लागणार हे पक्कं झालं तेव्हा शारीक समरीनला दुकानाच्या व्हॅनमध्ये घालून जेद्द्याला तिच्या मावशीकडे, आमिनाखालाकडे सोडून आला. रियाधचे निम्मे लोक तिकडेच पळत होते. समरीन म्हणाली, "तूही राहा." शारीक म्हणाला, "काम आहे." काम म्हणजे अल्बम. तो एकटा परत आला, आणि तो परत आला त्याच दिवशी टेलिफोनच्या लाइनी अशा तुंबल्या की जेद्द्याला फोन लावणं म्हणजे लॉटरी. मग रॉकेटं पडायला लागली.

एका सकाळी शारीक गावाच्या खोलीवर गेला. बत्ह्यात प्रत्येक गावाची एक खोली असते. शारीकच्या सासरच्या गावाचीही होती. तिथे कादिर राहायचा, त्याचा धाकटा भाऊ झैद राहायचा आणि खोलीचे म्होरके रहमतुल्लाचाचा राहायचे. सगळे कामावर गेले होते. छापखाना बंद म्हणून टेपेला कव्हर नव्हतं. शारीकने तिच्यावर पेनाने लिहिलं, "शारीककडून, सर्वांना," आणि टेबलावर ठेवून निघून आला.

खोलीतला टेपरेकॉर्डर दोन स्पीकरांचा होता. उजव्यात कुणीतरी चहा सांडल्यापासून तो मुका होता. शारीकने गळा एका माइकवर आणि बँजो दुसऱ्यावर भरला होता; बँजो सगळा उजवीकडे. म्हणजे त्या खोलीने काय ऐकलं बघा. सलाम. खैरियत. आणि मग त्यांचा जावई नाकातून, हंबरडा फोडल्यासारखा, त्यांच्या बहिणीला कोयत्याने मारून खाडीत कसं टाकलं ते सविस्तर सांगतोय. वाद्य नाही, ताल नाही. तासभर. पुढचे दहा मुडदे आले, पण ते कुणाच्या कानात शिरले नाहीत. रिवाजाप्रमाणे कुणी मध्ये बोललं नाही.

संध्याकाळी झैद दुकानात आला. डोळे सुजलेले.

"चाचांनी बोलावलंय," तो म्हणाला. "टेप ऐकली."

शारीकने केस विंचरले. अभिप्राय ऐकायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बसबूसाचं, रव्याच्या पाकातल्या मिठाईचं, एक खोकं घेतलं. वाटेत झैद एकसारखा नाक ओढत होता.

"रडलास वाटतं?" शारीकने लाजत विचारलं.

"सगळेच रडले."

"कादिरभायसुद्धा?"

"कादिरभाय जास्त."

शारीकला आभाळ ठेंगणं झालं. "आत्ता काय करतोय?"

"सुरीला धार लावतोय."

"आज मटण आहे?"

झैदने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथूनच पळाला असता. शारीक कलावंत असल्यामुळे गेला.

तर, लाथ. आणि दुसरी लाथ. तिसऱ्या लाथेला शारीकच्या लक्षात आलं की अभिप्राय उलटा आहे.

"ते गाणं आहे!" तो ओरडला.

"माझ्या बहिणीला मारून वर गाणं म्हणतोस?" कादिरने त्याला केसांना धरून उठवलं आणि तोंडावर गुद्दा मारला. शारीकचे दोन दात तोंडातल्या तोंडात सुटे झाले. एक त्याने थुंकला, एक गिळला.

"समरीन जेद्द्याला आहे!"

"मग फोन का नाय तिचा?"

"कुणाचाच लागत नाय, कादिरभाय!"

"व्हॅन घेऊन गेलास, एकटा आलास. टेपेत काय म्हणतोस? 'घरी विचारती, समरीन कुठं? सांगतो, मागून येत हाय.' हेच तू मला परवा तोंडावर सांगितलंस! 'मागून फोन येईल' म्हणालास!"

योगायोग वाईट होता.

"अरे पण ह्या मुलखात खाडी कुठाय?" तो म्हणाला. "रियाधला कोरडी नाली नाय धड! खाडी कुठून आणू?"

हा मुद्दा बिनतोड होता. रहमतुल्लाचाचांनी कादिरकडे पाहिलं. कादिरने विचार केला.

"म्हणूनच तर व्हॅन लागली," तो म्हणाला. "कुठल्या हाताने मारलीस?"

शारीकने, का कोण जाणे, उजवा हात पुढे केला. कादिरने तो टेबलावर दाबला, करंगळी धरली आणि भेंडी मोडावी तशी मोडली. मग शेजारचं बोट. शारीक किंचाळला, पण किंचाळता किंचाळता त्याच्या मनात आलं, ही दोन टेकवायचीच आहेत. ह्याला वाजवायची तीन कुठली ते ठाऊक नाय. आणि त्याने ती तीन मुठीत आवळून घेतली.

एवढ्यात भोंगा झाला.

तेव्हा रियाधमध्ये भोंगा झाला की सगळं जिथल्या तिथे थांबायचं आणि माणसं आतल्या खोलीत शिरून दाराला टेप लावायची. सद्दामच्या रॉकेटात विषारी वायू असतो अशी बोलवा होती. खोलीतल्या लोकांनी मारहाण थांबवली, शारीकला काखोटीला धरून आतल्या खोलीत ओढलं, टेपरेकॉर्डरही घेतला, दार लावलं. रुंद चिकट पट्टी घेऊन झैद दाराच्या फटी बंद करू लागला. एका बाजूने पट्टी निघत होती. शारीकने डाव्या हाताने ती दाबून धरली. खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. सगळं बंद झाल्यावर कादिरने पुन्हा मारायला सुरुवात केली.

खोलीत गॅसचा मुखवटा एकच होता, झैदच्या कंपनीने दिलेला. बाकीच्यांनी तोंडाला ओले फडके बांधले. झैद मुखवटा चढवून मदतीला धावला, पण काचांवर वाफ धरल्याने त्याला काही दिसेना. पहिला गुद्दा त्याने रहमतुल्लाचाचांच्या जबड्यावर मारला.

"अरे गाढवा, मी!" चाचा फडक्यातून ओरडले.

"माफ करा चाचा," मुखवटा पिपात बोलल्यासारखा बोलला, आणि दुसरा गुद्दा कपाटाला लागला. कपाटाची काच फुटली, झैदच्या मनगटातून रक्त आलं. कादिरने शारीकला खाली पाडून त्याच्या बरगड्यांवर गुडघा दाबला होता. आत काहीतरी कटकन् मोडलं. ओल्या टॉवेलाचा, रक्ताचा आणि बसबूसाच्या पाकाचा वास त्या बंद खोलीत कोंडून राहिला.

बाहेर फोन वाजायला लागला.

फोन दाराबाहेर बोळात होता. सगळे थबकले.

"तीच असेल!" शारीक तोंडातलं रक्त पुसत म्हणाला. "घ्या कुणीतरी!"

"गॅस आत येईल," चाचा म्हणाले.

"अहो, ती जिवंत आहे की नाय ते कळेल!"

"ते कळेपर्यंत आपण मरू."

फोन वाजत राहिला. चार माणसं बंद दाराकडे बघत बसली. मग तो थांबला आणि कादिरने, जणू परवानगी मिळाल्यासारखं, पट्ट्यातून बोनिंगची सुरी काढली. लांब, अरुंद, खाटीक हाडापासून मांस सोडवतात ती.

"नीट ऐकूनच मारू," चाचा म्हणाले. "म्हणजे उद्या कुणी बोल लावायला नको." त्यांनी टेप पुन्हा लावली. सलाम, खैरियत, चल गं समरीन.

आणि त्याच क्षणी दोन गल्ल्यांपलीकडे रॉकेट पडलं.

आवाज नव्हताच, इमारत कुणीतरी उचलून खाली ठेवल्यासारखी झाली. छताचा गिलावा कोसळला, कपाट झैदच्या अंगावर पडलं, टेपरेकॉर्डर फळीवरून उडून जमिनीवर आपटला. बाहेर काचा पडत होत्या, बराच वेळ पडत होत्या, आणि लांब कुणीतरी एकाच नावाने कुणाला तरी हाका मारत होतं. दिवा गेला. धुळीत कुणाला कोण दिसेना. आणि त्या अंधारात बॅटरीवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरचा मुका उजवा स्पीकर आपटल्यामुळे जागा झाला. तण्ण तणतण तण्ण तणतण, बँजो सुटला. इतक्या आनंदात की ऐकणाऱ्याचा पाय हलावा.

शारीकला रडू फुटलं. "बघा! वाद्य आहे! हे गाणं आहे, वाद्य आहे!"

अंधारातून कादिरचा आवाज आला, अगदी हळू.

"तिला मारलंस," तो म्हणाला, "आणि वाजवत होतास?"

ह्यापुढे जे झालं ते अंधारात झालं, त्यामुळे कुणी किती मारलं ते सांगता येत नाही. चाचांनी टॉर्च लावला तेव्हा कादिर शारीकच्या छातीवर बसला होता आणि सुरी गळ्याला टेकली होती. गळ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली होती.

"थांब," चाचा म्हणाले. जबडा सुजल्याने ते शब्द चावत बोलत होते. "मला एक सुचतंय. ही बनवाबनवी असेल तर तो इथं, आत्ता, आमच्यासमोर म्हणू दे. खोटं असेल तर खोटं ऐकू येईल. खरं असेल तर काळजातून येईल. मग कर काय करायचं ते."

कादिरने मान डोलावली. सुरी हलवली नाही. "म्हण."

शारीक धुळीत उताणा पडून विचार करू लागला, आणि त्याला सगळं लख्ख कळलं. चांगलं म्हटलं तर मरायचं. वाईट म्हटलं तर सुटायचं. जगात कुठल्याही गवयाला इतकी सोपी परीक्षा मिळाली नसेल. त्याने ठरवलं, आयुष्यात गायलो नाही इतकं वाईट गायचं.

सुरुवात फार चांगली झाली, म्हणजे फार वाईट. पहिली ओळ त्याने बेसूर केली. दुसरीत ताल सोडला. चाचांच्या कपाळाची आठी सुटली. मुखवट्यातून झैद म्हणाला, "हे तर काहीच नाय." कादिरचा हात किंचित सैल झाला. सुरी गळ्यापासून बोटभर वर आली.

तेवढ्याने शारीकचा घात केला. कारण त्या सैल झालेल्या चेहऱ्यावर त्याला दिसलं, ह्या माणसाला आता वाटतंय की हे गाणं फालतू आहे. दोन उन्हाळे लुंगीवर बसून, अंड्यांच्या ट्रेमध्ये, घामाने बोटं घसरत असताना बांधलेलं गाणं. आणि तिसरं कडवं आलं. शारीकने ते फालतू म्हणायचा प्रयत्न केला, खरंच केला. गळ्याने ऐकलं नाही. दोन दात नव्हते, बरगडी मोडली होती, श्वास फुटत होता, आणि त्या फुटण्यातूनच आवाज असा चढला की डॉयलच्या बहिऱ्या कानांनाही ऐकू गेला असता.

*पाण्यावरती ओढणी आली, ओढणीखाली कोणी नाय,*
*घरी विचारती, समरीन कुठं? सांगतो, मागून येत हाय.*

चाचा खाली बसले. शारीकला कळलं की आता सगळं संपलं, आणि चौथं कडवं राहिलं होतं. ते न म्हणता मरणं त्याला बरोबर वाटेना.

*आई तिची भाकर भाजते, एक जास्तीची रोजच हाय,*
*तव्यावरती थंड होते, खाणारी ती येत नाय.*

झैद मुखवट्याच्या आत हुंदके देत होता. काचांवरून पाणी आतून ओघळत होतं. कादिरचं तोंड वेडंवाकडं झालं. त्याने एक लांब, जनावरासारखा आवाज काढला, सुरी दोन्ही हातांनी उचलली आणि खुपसली.

आता कादिर खाटीक होता. काळीज कुठे असतं ते त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. पण त्याने जन्मात बकरेच कापले होते, आणि दुःखात माणूस सवयीने वागतो. सुरी बकऱ्याचं काळीज जिथे असतं तिथे गेली. माणसाचं तिथे नसतं. ती खांद्याच्या खाली, काखेजवळ मुठीपर्यंत शिरली आणि पाठीमागच्या सतरंजीत रुतली. शारीक सतरंजीला टाचला गेला. रक्त खूप आलं, पण आधी एक क्षण काहीच आलं नाही, आणि त्या क्षणात दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"कसं झालं?" शारीकने विचारलं. त्याला गाण्याबद्दल म्हणायचं होतं.

कादिर उत्तर देणार तोच सगळं निवळल्याचा भोंगा झाला, आणि बोळातला फोन पुन्हा वाजायला लागला. झैदने पट्ट्या फाडल्या. कादिर रक्ताळलेल्या हातांनी बाहेर गेला.

"हॅलो."

"भाय? किती वेळ लावतेय मी! उचलत का नाय कुणी?"

कादिरने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "कोण बोलतंय?"

"मी समरीन. आवाज ओळखत नाय का? जेद्द्याहून बोलतेय, आमिनाखालाच्या घरून."

कादिरने रिसीव्हरवर हात ठेवला आणि खोलीकडे वळून म्हणाला, "ती म्हणतेय ती जिवंत आहे."

"तिला खात्री आहे का विचार," चाचा म्हणाले. त्यांचा तोल अजून सावरला नव्हता.

"भाय, शारीक आहे का तिथं? दुकानात नाय तो. रॉकेट पडलं म्हणतात. नीट आहे ना?"

कादिरने खोलीत पाहिलं. "पडलाय," तो म्हणाला.

"झोपला? बरं झालं. जेवला ना?"

"बसबूसा होता," कादिर म्हणाला, आणि खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. समरीनला वाटलं, भावाला लढाईची भीती बसली. ती त्याला बराच वेळ धीर देत होती.

इस्पितळात शारीकला रॉकेटचा तुकडा लागला असं सांगायचं ठरलं. त्या दिवशी तिथे खरोखर तुकडे लागलेले बरेच होते. कुणाचा पाय नव्हता, एका बाईच्या केसांत काचा होत्या. शारीकला त्यांच्या रांगेत ठेवलं. डॉक्टरने जखम पाहिली, मोडलेली बोटं पाहिली, गळ्यावरची रेघ पाहिली.

"फार धारदार रॉकेट दिसतंय," तो म्हणाला.

"रशियन बनावटीचं आहे, साहेब," शारीक म्हणाला.

डॉक्टरला पुढचे लोक बघायचे होते. त्याने टाके घातले.

कादिर रोज यायचा. पायाचं सूप घेऊन यायचा, चमच्याने भरवायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. माफी मागायची त्याला सवय नव्हती. शारीकही विषय काढायचा नाही. खिडक्यांना आडव्या-उभ्या पट्ट्या लावल्या होत्या. त्यांतून जाळीदार ऊन खाटेवर पडायचं. एका दुपारी सूप संपलं तरी कादिर उठला नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"आब्बा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, कादिर खाटीक आहे, दगड आहे. मलाही तसंच वाटलं."

शारीकने उशी खांद्याखाली सारली. खांद्याला ठणका लागला होता.

"ती भाकरीची ओळ आली ना, त्या दिवशी. ती मेलीच होती रे. मी तिला पाण्यात बघितली." त्याने आपल्या पंज्यांकडे पाहिलं. "फोनवर बोलली तरी मला दोन दिवस पटत नव्हतं. अजून कधीकधी वाटतं, फोनवरची दुसरीच कोणीतरी आहे."

"म्हणजे बरं होतं?" शारीकने विचारलं.

"काय?"

"गाणं."

कादिरने त्याच्याकडे असं पाहिलं की शारीकचा चांगला हात आपोआप चादरीखाली गेला.

"माझ्या बहिणीचं नाव काढ त्यातून," कादिर म्हणाला.

"काढतो. पण कुणाचं तरी घालावं लागेल. नावाशिवाय बसत नाय ते."

कादिरने सुपाच्या भांड्याला झाकण लावलं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस झोपेत काहीतरी मागत होता.

"माझं घाल," कादिर म्हणाला.

"तुझं?"

"मला मार. खाडीवर ने, काय करायचं ते कर. आई भाकर भाजते ते तसंच ठेव. ते काढायचं नाय." त्याने खुर्ची आणखी पुढे घेतली. आवाज खाली गेला. "पण कोयत्याने नको. कोयत्याने माणूस पटकन मरत नाय, तू लिहिलंयस ते सगळं चुकीचं आहे. ऐकलं तेव्हाच मला वाटलं होतं, ह्याला कापता येत नाय. कुठून कापायचं ते मी सांगतो. कागद आहे?"

कागद नव्हता. "बोल तू," शारीक म्हणाला आणि डोळे मिटून ऐकू लागला. कादिरने त्याच्या गळ्यावर, त्या लाल रेघेच्या जरा वर, बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.